व्हीएफओची चिप बदलली तरी ४० मीटरवरची शिट्टी जात नाही? आधी हे तपासा

होमब्रू, म्हणजे घरी बांधलेला हॅम रेडिओ रिसीव्हर करणाऱ्यांचा एक प्रश्न सारखा येत असतो. व्हीएफओसाठी, म्हणजे स्टेशन निवडणाऱ्या ऑसिलेटरसाठी, एसआय५३५१ ही चिप लावली, रिसीव्हर चालला, स्टेशनं ऐकू आली, पण बँडवर एकदोन ठिकाणी शिट्टी आहे, नॉब फिरवला की टकटक होते, म्हणून आता ही चिप काढून एडी९८५० लावू की एसआय५७०, असं विचारतात. मी पण हेच केलंय, म्हणजे चिप बदलूनच पाहिली होती आधी, आणि त्यात दोन आठवडे गेले. म्हणून सांगतो, चिप कुठली हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न हा की तुमच्या सेटमध्ये कुठल्या कुठल्या फ्रिक्वेन्सी एकाच वेळी चालू आहेत आणि त्यांची बेरीज वजाबाकी कुठे जाऊन पडतेय. ते कागदावर मांडलं नाही तर नवी चिपही तसंच रडवणार.

माझा सेट साधा होता. ४० मीटरचा म्हणजे ७ मेगाहर्ट्झ बँडचा सुपरहेट (मिक्सरमध्ये सिग्नल एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर, आयएफवर, आणणारा), त्या आयएफला ९ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल फिल्टर, एसआय५३५१ए च्या एका आउटपुटवर व्हीएफओ, दुसऱ्यावर बीएफओ, म्हणजे आयएफमधून आवाज काढायला लागणारा ऑसिलेटर. एलएसबी (खालची साइडबँड) ऐकायचं आणि एलओ, म्हणजे इथे तोच व्हीएफओ, सिग्नलच्या वरच्या बाजूला घेतलेला म्हणजे साइडबँड उलटते, म्हणून बीएफओ फिल्टरच्या खालच्या कडेला, ८.९९८५ ला. डायल ७.१०० दाखवत असेल तर व्हीएफओ १६.०९८५ वर चालतो. हे सगळं व्यवस्थित चाललं होतं, फक्त बँडच्या खालच्या टोकाला ७.००३ च्या जवळ एक खणखणीत शिट्टी. अँटेना काढली तरी आहे, अँटेनाच्या जागी ५० ओहमचा डमी लोड लावला तरी तेवढीच. म्हणजे बाहेरून येत नाहीये, आतलीच आहे. हा डमी लोडचा टेस्ट सगळ्यात आधी करायचा, कारण बऱ्याच वेळा लोक घरातल्या एलईडी ड्रायव्हरचा किंवा चार्जरचा आवाज चिपच्या नावावर खपवतात. आणि अँटेना नुसती काढून सोडू नका, ५० ओहम लावाच. सॉकेट उघडं राहिलं तर आतलीच वायर अँटेना होते.

मी चिपचा बोर्ड बदलला. शिट्टी तिथेच. चिपला हुकूम देणारा कंट्रोलर, अर्डुइनो, बदलून पाहिला, तिथेच. मग एक दिवस नॉब अगदी हळू, १०० हर्ट्झच्या स्टेपने फिरवत नीट ऐकलं तेव्हा लक्षात आलं की ही शिट्टी उलटी चालतेय. खऱ्या स्टेशनचा कॅरियर एलएसबीत ऐकताना डायल वर नेला की सूर चढतो. इथे ७.००१ ला सूर २ किलोहर्ट्झचा, ७.००२ ला १ किलोहर्ट्झ, आणि ७.००३ ला झिरो बीट, म्हणजे सूर शून्य. वर जाताना सूर उतरत होता. सूर उलटा चालला की समजायचं, हा सिग्नल एलओच्या दुसऱ्या बाजूने येतोय, म्हणजे इमेज, तोच आयएफ देणारी दुसरी, नको असलेली फ्रिक्वेन्सी.

मग वही घेऊन बसलो आणि पाच मिनिटांत उत्तर समोर. एलओ १६, आयएफ ९, म्हणजे इमेज १६ अधिक ९, बरोब्बर २५ मेगाहर्ट्झ. आणि २५ मेगाहर्ट्झचं काय आहे सेटमध्ये? एसआय५३५१ चा स्वतःचा रेफरन्स क्रिस्टल! ९ चा आयएफ, ७ चा बँड, वरचा एलओ आणि २५ चा क्रिस्टल, ही चौकडी एकत्र आली की शिट्टी ७.००० च्या आजूबाजूला पडणारच, चिप कितीही नवी आणा. नेमकी जागा काढायची असेल तर २५ मधून बीएफओची दुप्पट वजा करा, २५ वजा १७.९९७ म्हणजे ७.००३. खात्री करायला बीएफओ १ किलोहर्ट्झने खाली नेला, आणि शिट्टी डायलवर २ किलोहर्ट्झने वर सरकली. तेव्हा शंकाच राहिली नाही.

पुढचा प्रश्न येतो की पुढे बँडपास फिल्टर आहे ना, मग २५ आत येतंच कसं. ते अँटेनाकडून येतच नाही. चिपच्या सप्लायमधून, अर्डुइनो ते चिप जाणाऱ्या आयटूसीच्या लांब वायरींमधून, सामाईक ग्राउंडमधून ते थेट मिक्सरपर्यंत पोचतं, फिल्टरच्या मागच्या दाराने. म्हणून बँडपास फिल्टरला अजून एक सेक्शन जोडून काही फरक पडत नाही, ते मी करून बघितलंय. फरक पडला तो तीन गोष्टींनी. चिपच्या ३.३ व्होल्ट लाइनमध्ये फेराइट बीड आणि पिनच्या अगदी मुळाशी ०.१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर, बोर्ड पत्र्याच्या छोट्या डबीत, आणि आयटूसीच्या वायरी आखूड करून ग्राउंडला चिकटवून नेल्या. शिट्टी बरीच खाली गेली, पण पूर्ण नाही.

पूर्ण गेली ती क्रिस्टल बदलल्यावर. ही चिप २५ किंवा २७ मेगाहर्ट्झ दोन्ही क्रिस्टलवर चालते. २७ लावला की तेच गणित २७ वजा १७.९९७, म्हणजे ९.००३, ४० मीटरच्या कितीतरी बाहेर. कोडमध्ये क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी २७ सांगायला विसरू नका, बहुतेक लायब्ररी न सांगता २५ धरतात आणि मग सगळा डायल चुकतो. पण थांबा, २७ ला पण तपासायचं असतं. बीएफओ ८.९९८५ असेल तर त्याचा तिसरा हार्मोनिक २६.९९५५, आणि स्क्वेअर वेव्हमध्ये तिसरा हार्मोनिक जोरदार असतो, मूळ फ्रिक्वेन्सीच्या फक्त साडेनऊ डीबी खाली. तो २७ शी प्रॉडक्ट डिटेक्टरमध्ये, म्हणजे बीएफओ मिसळून आवाज निघतो तिथे, भेटला की ४.५ किलोहर्ट्झचा कायमचा बारीक सूर, डायल कुठेही असो. माझ्या ऑडिओ फिल्टरने तो कापला म्हणून चाललं. ज्यांचा ऑडिओ मोकळा सोडलेला आहे त्यांना तो ऐकू येईल.

दुसरा रस्ता एलओ खालच्या बाजूला घ्यायचा, म्हणजे ९ वजा ७, २ मेगाहर्ट्झच्या आसपास. एसआय५३५१ आरामात तिथपर्यंत उतरते. तिथे इमेज ११ ला जाते, २५ चा संबंध संपला. साइडबँड आता उलटत नाही म्हणून बीएफओ फिल्टरच्या दुसऱ्या कडेला न्यावा लागतो, तेवढं सोपं. पण ७.२ च्या आसपास आलात की एलओ १.८ होतो, आणि १.८ चा पाचवा हार्मोनिक ९, सरळ आयएफमध्ये. ती शिट्टी पहिल्यापेक्षा वाईट असते कारण तो एलओचाच हार्मोनिक आहे, शील्डिंगने जात नाही. ज्यांचा बँड ७.१ च्या खालीच संपतो किंवा जे फक्त सीडब्ल्यू (मोर्स) करतात त्यांना हा रस्ता चालून जाईल.

आता टकटक. नॉबच्या प्रत्येक स्टेपला स्पीकरमध्ये टक असा आवाज येतो, ही तक्रार शिट्टीपेक्षाही जास्त वेळा ऐकलीय आणि यात चिपचा काही दोष नाही, कोडचा आहे. एसआय५३५१ मध्ये दोन पीएलएल (क्रिस्टलवरून वरची फ्रिक्वेन्सी बनवणारे भाग) असतात, ६०० ते ९०० मेगाहर्ट्झवर चालणारे, आणि त्यांच्यापुढे प्रत्येक आउटपुटचा आपला डिव्हायडर. बरेच जण प्रत्येक स्टेपला डिव्हायडर नव्याने काढतात, सगळी रजिस्टर्स लिहितात आणि वर १७७ नंबरच्या रजिस्टरमध्ये पीएलएल रिसेट मारतात. तो रिसेट म्हणजेच तुमचा टक. डिव्हायडर एक सम पूर्णांक घेऊन बांधून टाका, उदाहरणार्थ १६ मेगाहर्ट्झसाठी ५०, म्हणजे पीएलएल ८०० वर, आणि ट्यूनिंग फक्त पीएलएलचा अपूर्णांक बदलून करा. रिसेट फक्त डिव्हायडर बदलला तरच. टकटक बंद होते, आणि सम पूर्णांकाने भागल्यामुळे जिटरही (लहरीची थरथर) कमी राहतो, तो फायदा वेगळाच.

स्टेपच्या बारकाईची काळजी करू नका. अपूर्णांकाचा छेद १०४८५७५ पर्यंत जातो, २५ च्या क्रिस्टलवर पीएलएलची पायरी सुमारे २४ हर्ट्झ, ती डिव्हायडरने भागली जाते. ७ मेगाहर्ट्झला १२० ने भागलं तर ०.२ हर्ट्झ. डब्ल्यूएसपीआर या मंद डिजिटल पद्धतीच्या टोनमधलं अंतर १.४६ हर्ट्झ आहे, त्याला हे पुरतं. १४४ मेगाहर्ट्झवर मात्र डिव्हायडर ६, पायरी ४ हर्ट्झच्या घरात, तिथे सरळ पद्धतीने डब्ल्यूएसपीआर होणार नाही, छेद प्रत्येक टोनसाठी शोधून बसवावा लागतो.

पीएलएल दोन आणि आउटपुट तीन, हे मात्र निवड करताना डोक्यात पक्कं ठेवा. व्हीएफओ एका पीएलएलवर, बीएफओ दुसऱ्यावर. दोन्ही एकाच पीएलएलवर टाकले तर व्हीएफओ फिरवला की बीएफओ पण हलतो, आणि मग लोक म्हणतात स्टेशनचा आवाजच बदलतो ट्यून करताना. डबल कन्व्हर्जन सेट असेल आणि तिसरा ऑसिलेटर लागत असेल तर तो कुठल्या तरी पीएलएलच्या वाट्याला जोडीने येतो आणि त्याला अपूर्णांक डिव्हायडर द्यावा लागतो. चालतं, पण स्वच्छतेत तो तिघांत तिसरा. म्हणून तो अशा जागी वापरा जिथे थोडी घाण खपेल.

आणि पिना बघा. १० पिनांच्या पॅकेजमध्ये क्लॉक ० आणि क्लॉक १ या पिना शेजारी शेजारी, १० आणि ९ नंबरला. क्लॉक २ लांब, ६ नंबरला, मध्ये ग्राउंड आणि आउटपुटचा सप्लाय. माझा व्हीएफओ ० वर आणि बीएफओ १ वर होता, कारण उदाहरणाच्या कोडमध्ये तसंच असतं. बीएफओ २ वर नेला, १ बंद केला, आणि पार्श्वभूमीचा जो एक खरखरीत पडदा होता तो उतरला. बंद करणं म्हणजे नुसतं न वापरणं नाही हां. ३ नंबरच्या रजिस्टरमध्ये आउटपुट बंद करा आणि १७ नंबरच्या रजिस्टरमधला पॉवर डाउनचा बिट पण चढवा. तिन्ही आउटपुटचा सप्लाय या पॅकेजमध्ये एकाच पिनवरून येतो त्यामुळे थोडी गळती राहतेच. अगदी नकोच असेल तर बीएफओला साधा क्रिस्टल ऑसिलेटर करा, एका ट्रान्झिस्टरचा. मला विचाराल तर सिंगल बँड सेटला हाच उपाय सर्वात चांगला, क्रिस्टल फिल्टरसाठी आणलेल्या लॉटमधला एक क्रिस्टल उरलेला असतोच. दोन एसआय५३५१ लावायचं मनात असेल तर दोघींचा आयटूसी पत्ता एकच, हेक्स ६०, त्यामुळे एका बसवर भांडतात. वेगळ्या पिनांवर सॉफ्टवेअर आयटूसी करावी लागते.

ड्राइव्हबद्दल थोडक्यात, कारण इथेही चिपला फुकट शिव्या बसतात. ८ मिलिअँपिअर सेटिंगला ५० ओहमवर साधारण १० डीबीएम (पॉवरचं माप) मिळतात. डायोड रिंग मिक्सरला ७ हवेत, तर मध्ये ३ डीबीचा पॅड टाका, ३०० ओहम, १८ ओहम, ३०० ओहम, पाय सर्किट. पॅडने पातळीही जमते आणि मिक्सरला नीट ५० ओहम दिसतात. एनई६०२ या मिक्सर चिपला उलट फक्त २०० ते ३०० मिलिव्होल्ट पीक टू पीक लागतात, तिथे ३.३ व्होल्टची स्क्वेअर वेव्ह सरळ ६ नंबर पिनला दिलीत तर रिसीव्हर बहिरा आणि शिट्ट्यांचा बाजार. १ किलोओहम आणि १०० ओहमचा डिव्हायडर, मग कपॅसिटरमधून पिन. माझ्या एका मित्राचा सेट एवढ्यावरच सुधारला, तो तर चिप फेकायला निघाला होता.

ड्रिफ्ट असेल तर आधी बोट लावून बघा क्रिस्टलच्या शेजारी गरम काय आहे. बहुतेक वेळा रेग्युलेटर असतो. २८ मेगाहर्ट्झवर १ पीपीएम (दहा लाखात एक) म्हणजे २८ हर्ट्झ, एसएसबीत, म्हणजे बोलणं ऐकताना, कळणारही नाही पण डब्ल्यूएसपीआरची सगळी खिडकीच २०० हर्ट्झची आहे आणि एक प्रक्षेपण ११० सेकंद चालतं, त्यात सरकून चालत नाही. टीसीएक्सओ, म्हणजे तापमानाने फारसा न सरकणारा ऑसिलेटर, लावायचा असेल तर क्रिस्टल काढून एक्सए पिनला कपॅसिटरमधून द्या, साधारण १ व्होल्ट पीक टू पीक, एक्सबी मोकळी. आणि डायल कायम ठरावीक अंतराने चुकतोय, सरकत नाहीये, तर तो ड्रिफ्ट नव्हे, कॅलिब्रेशन आहे. १० मेगाहर्ट्झ काढून मोजा, ३०० हर्ट्झ चूक म्हणजे ३० पीपीएम, तो आकडा कोडमध्ये भरा, मिटलं. क्रिस्टलच्या लोड कपॅसिटन्सचं सेटिंग, ६, ८ की १० पिकोफॅरॅड, आधी बघा, मग मोजा, नाहीतर दोनदा मोजावं लागेल.

एवढं सगळं करूनही चिप बदलावीशी वाटली तर कुठली? हे माझं मत, वापरून झालेलं.

एडी९८५० मला आवडते ती साइन वेव्हसाठी. अँटेना अॅनालायझर, फिल्टर स्वीप करायचं यंत्र, सिग्नल जनरेटर यांना मी तीच लावेन. १२५ मेगाहर्ट्झ क्लॉकवर पायरी ०.०२९ हर्ट्झ, फ्रिक्वेन्सी बदलताना फेज तुटत नाही, टकटक हा विषयच नाही. पण आउटपुट एकच ऑसिलेटरचं, बीएफओ वेगळा करावाच लागतो, ताकद कमी म्हणून मिक्सरआधी अॅम्प्लिफायर लागतो, आणि गरम होते चांगलीच. आणि डीडीएसच्या, म्हणजे अशा आकड्यांवरून लहर बनवणाऱ्या चिपच्या, स्वतःच्या शिट्ट्या असतात, १० बिटांच्या डॅकमुळे (आकड्याचं व्होल्टेज करणारा भाग) आणि फेज कापल्यामुळे, त्या डायलबरोबर पळतात, काही तर मूळ सिग्नलच्या इतक्या जवळ की कुठलाच फिल्टर त्यांना पकडत नाही. म्हणजे एसआय५३५१ ची एक जागची शिट्टी घालवायला एडी९८५० आणाल तर एका ठरावीक शिट्टीच्या बदल्यात हलणाऱ्या चार मिळतील. ३० मेगाहर्ट्झच्या वर ती मी वापरत नाही, ४० ला गेलात की ८५ ची प्रतिमा फिल्टर करायला लागते.

एसआय५७० स्वच्छ आहे, यात वाद नाही. एसडीआरला (सॉफ्टवेअर रेडिओला) क्वाड्रेचर, म्हणजे ९० अंश अंतराचे दोन सिग्नल, हवं असेल तर चौपट फ्रिक्वेन्सी काढून ७४एसी७४ ने भागायची, जुना खात्रीचा मार्ग. १० मेगाहर्ट्झच्या खाली ती उतरत नाही हे मात्र लोक विसरतात, मग २ किंवा ५ मेगाहर्ट्झचा एलओ हवा असेल तर भागाकार आलाच. करंट पण शंभर मिलिअँपिअरच्या आसपास खाते, बॅटरीवरच्या सेटला जड. ट्यून करताना ३५०० पीपीएमपर्यंत अखंड सरकते, त्यापुढे क्षणभर आउटपुट थांबतं, बँड बदलताना ते कळतं, एरवी नाही. नुसतं क्वाड्रेचर हवं म्हणून ती घेणार असाल तर आधी हे बघा की एसआय५३५१ पण फेज ऑफसेटच्या रजिस्टरने दोन आउटपुटमध्ये ९० अंश देते. क्यूसीएक्स या ट्रान्सीव्हर किटमध्ये हेच केलंय. फक्त ते रजिस्टर ७ बिटांचं असल्यामुळे डिव्हायडर १२६ च्या वर जात नाही, म्हणून ६०० च्या पीएलएलवर ४.८ मेगाहर्ट्झच्या खाली जमत नाही. ८० मीटरला पीएलएल त्याच्या लिहिलेल्या मर्यादेखाली चालवावा लागतो, चालतो बहुधा, पण ते तुमच्या जबाबदारीवर.

एडीएफ४३५१ चं नाव एचएफसाठी (३० मेगाहर्ट्झच्या खाली) घेतात तेव्हा वाईट वाटतं. ती ३५ मेगाहर्ट्झपासून ४.४ गिगाहर्ट्झपर्यंतची चिप आहे, एचएफच्या व्हीएफओला नाही. २ मीटरच्या (१४४ मेगाहर्ट्झ) ट्रान्सव्हर्टरला, म्हणजे एक बँड दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्राला, ११६ मेगाहर्ट्झचा एलओ हवा असेल, २८ च्या आयएफवर, तिथे ती शोभते. आतला व्हीसीओ ३७१२ वर, ३२ ने भागून ११६. २५ च्या रेफरन्सवर १४८ पूर्ण आणि १२ छेद २५, पूर्णांकापासून लांब, म्हणून स्वच्छ. पूर्णांकाच्या अगदी जवळची फ्रिक्वेन्सी मागितलीत तर दोन्ही बाजूंना स्पर, म्हणजे नको ते सिग्नल, दिसतात, तेव्हा रेफरन्स बदलणं हाच उपाय. रजिस्टर्स ५ पासून ० पर्यंत उतरत्या क्रमाने लिहायची, शून्य शेवटी. "लॉकच होत नाही" म्हणून आलेल्या बोर्डांत मला दोनदा हाच क्रम उलटा सापडलाय.

एचएफला, एका बँडचा किंवा अनेक बँडचा सेट असो, माझं उत्तर अजूनही एसआय५३५१ च. पण बोर्ड मागवायच्या आधी एका कागदावर बँड, आयएफ, एलओ, बीएफओ, रेफरन्स आणि कंट्रोलरचा क्लॉक लिहा, प्रत्येकाचे पाचव्यापर्यंत हार्मोनिक्स शेजारी मांडा, आणि आयएफवर, इमेजवर, बँडमध्ये जे जे पडेल त्याला लाल गोल करा. गोल आला तर आधी क्रिस्टल किंवा आयएफ बदलायचं बघा. मी पुढच्या २० मीटरच्या (१४ मेगाहर्ट्झ) सेटसाठी हे करून बसलोय, ९ चा आयएफ आणि वरचा एलओ, २३ च्या आसपास, इमेज ३२. आणि अर्डुइनोचा क्लॉक १६, त्याची दुप्पट ३२! तेव्हा या वेळी क्रिस्टल नाही, कंट्रोलरच ८ मेगाहर्ट्झचा घ्यावा म्हणालो, तर ८ चीही चौपट ३२ च. शेवटी १२ चा क्रिस्टल मागवलाय कंट्रोलरसाठी, २४ आणि ३६, दोन्हीही वाटेत येत नाहीत.